रिकाम्या रुळाचा फोटो

७ ऑक्टोबर

वही पेट्रोल पंपावर घेतली, कारण तिच्यासोबत पेन फुकट होतं. आधीच्या चार वह्या दहा-बारा पानांत संपल्या. शाळा नववीत अशीच संपली, डुलुथ शहरातली बेकरीची नोकरी अशीच संपली, साखरपुडासुद्धा. मी जॉस पेल्की, वय चोवीस, शेवटपर्यंत नेलेली एकही गोष्ट माझ्या नावावर नाही.

काल बारमध्ये एकाने माझ्या पाठीवर हात ठेवला, नंतर पाठीच्या खाली. मी बिलियर्डची काठी उलटी धरून त्याच्या नाकावर मारली. नाकाचा आवाज ओल्या फांदीसारखा आला. सगळे मागे सरकले, एक माणूस मात्र जागचा हलला नाही. पन्नाशीचा, दाढी नीट कापलेली. त्याने माझ्या पिशवीतून बाहेर पडलेला लॅपटॉप उचलून पुसला आणि विचारलं, "हात चालतो ते दिसलं. हेही चालवता येतं का?"

तो रूडी कांगस. नदीकाठी कांगस भावांची सॉमिल, म्हणजे लाकडं चिरायची गिरणी आहे, तिथला थोरला. आज त्याच्या मागच्या ट्रेलरमध्ये राहायला आले. राहणं-जेवण त्याचं, काम माझं.

९ ऑक्टोबर

काम असं आहे. गिरणीत पट्टा करवत आहे, दोन मजली उंच. तिच्यासमोर रुळावर एक गाडा धावतो. गाड्यावर ओंडका बांधायचा, गाडा करवतीवर सोडायचा, फळी सुटली की गाडा मागे. मागे म्हणजे बंदुकीतून सुटल्यासारखा. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी खाली बसले. त्या गाड्याला हुकूम देणारा प्रोग्रॅम डॉस या जुनाट सिस्टिमवरचा, लिहिणारा माणूस मेलेला, आणि ज्या कंप्युटरवर चालतो तो माझ्याएवढा म्हातारा. त्याची डिस्क खोकते. कंप्युटर मेला की गिरणी मेली, कारण नवा गाडा घ्यायची ऐपत नाही.

मी म्हटलं, कंप्युटर मरू दे. मी त्याला नव्या कंप्युटरच्या पोटात जिवंत ठेवते. नव्या कंप्युटरवरच्या लिनक्समध्ये प्रोसेसर उसना द्यायची सोय आहे, बाकी सगळं मी शून्यापासून लिहीन: खोटी डिस्क, खोटं घड्याळ, खोटा कीबोर्ड, खोटा पडदा. डॉसला वाटेल आपण घरीच आहोत. खरी फक्त एक वायर, गाड्याकडे जाणारी.

"म्हणजे पाहुण्याला कळणारच नाही की तो पाहुणा आहे," रूडी म्हणाला.

इतक्या पटकन कुणालाच कळलं नव्हतं. शाळेत तर नाहीच.

धाकटा वेस करवत चालवतो. अंगाने रेड्यासारखा, तोंड सतत चालू. त्याने मला बघितलं आणि म्हणाला, "ही शाळाचोर आपला गाडा चालवणार? रूडी, त्यापेक्षा कुत्रं आण." मी काही बोलायच्या आत त्याने पाना फेकला. माझ्यावर नाही, भिंतीवर, पण माझ्या कानाजवळून. मी हातातला जुना लोखंडी कीबोर्ड त्याच्या तोंडावर हाणला. समोरचा अर्धा दात तुटला. तो रक्त थुंकला, दात शोधला, खिशात टाकला आणि हसायला लागला. "ठीक आहे, राहू दे हिला."

रूडी मध्ये पडला नाही. शांतपणे बघत होता.

१६ ऑक्टोबर

डिस्कची नक्कल काढली. तीन ठिकाणं खराब निघाली, नशिबाने प्रोग्रॅमच्या बाहेरची. नक्कल पूर्ण झाली आणि दोन तासांत जुनी डिस्क कायमची गप्प झाली. म्हणजे आता मागे फिरायला जागाच नाही. गिरणी बंद, माणसं घरी, सगळं माझ्या बोटांवर.

पाहुण्याला सुरू केलं. तो एक पाऊल टाकतो आणि कोसळतो. त्याने काहीही नको ते मागितलं की प्रोसेसर त्याची मान धरून त्याला माझ्याकडे आणून टाकतो, आणि याला काय द्यायचं ते मी ठरवायचं. मी चुकीचं दिलं की तो मरतो. आज एकोणचाळीस वेळा मेला. मोजता मोजता मध्येच नदीवरची बदकं मोजायला गेले, ती एकोणचाळीसच्या पुढे होती.

२१ ऑक्टोबर

पडद्यावर एक अक्षर आलं. C. त्याच्यापुढे दोन टिंबं आणि तिरकी रेघ. मी लेम्पीआजीला ओढत आणलं. रूडी-वेसची आई, ऐंशीला आलेली, गिरणीचं ऑफिस तीच बघते. तिने चष्मा लावून बघितलं आणि म्हणाली, "बाकीची अक्षरं कधी येणार?"

एक खोड आहे. पाहुण्याला एक कळ दोनदा पोचते. मी एकदा दाबते, त्याला दोनदा दिसते, चार हजारांश सेकंदाच्या अंतराने. दुरुस्त करायलाच हवी, नाहीतर गाडा एका हुकुमावर दोनदा सुटेल. म्हणून एक नोंदवही लिहिली. कागदाची नाही, यंत्राची. पाहुणा माझ्याकडे आला, कळ दाबली गेली, वायरवरून काही आलं, की वेळेसकट एक ओळ. हजारांश सेकंदापर्यंत. खोड सापडली. नोंदवही तशीच चालू ठेवली, आवडली म्हणून. कुणाला सांगितलं नाही, ते विचारणारही नाहीत.

२९ ऑक्टोबर

वेस आणि रूडीचं भांडण. वेस गिरणीतला आपला अर्धा वाटा कागदवाल्या कंपनीला विकायचं म्हणतो. "बापाला खाल्लं या रुळाने, मला खायच्या आधी मी जातो." आणि मग ओरडणं, खुर्ची खिडकीतून बाहेर, वेसची मूठ फ्रीजच्या दारात. दार आत गेलं, मुठीची कातडी बाहेर आली. रूडीने आवाजही चढवला नाही. "विचार कर," एवढंच. मला वेसची भीती वाटते. रूडीसारखा माणूस असल्या भावासोबत राहतो कसा, देव जाणे.

वेसचा डावा हात कोपरातून वाकडा आहे. मी विचारलं तर म्हणाला, "लहानपणी सॉनाच्या, वाफेच्या न्हाणीघराच्या, छपरावरून पडलो." लेम्पीआजी तेव्हा बटाटे सोलत होती, तिने सुरी खाली ठेवली आणि उठून गेली. म्हातारी माणसं जुन्या आठवणींना हळवी असतात.

६ नोव्हेंबर

प्रोग्रॅम पूर्ण चालू झाला. पंचवीस मिनिटांनी. होय, त्याला तयार व्हायला पंचवीस मिनिटं लागतात आणि त्यात माझा दोष नाही, तो तसाच लिहिलाय. आधी रुळाची फेरी. एक माणूस अख्खा रूळ चालत जातो, टोकाच्या भिंतीवरचं हिरवं बटण दाबतो, टोकाच्या दाराने बाहेर पडतो. मग तीन वेळा भोंगा. मग गाडा सावकाश मागेपुढे जाऊन आपलं माप घेतो. मग काम. म्हाताऱ्या कांगसला गाड्याने चिरडलं तेव्हा ही फेरी नव्हती. त्यानंतर प्रोग्रॅममध्ये घातली.

फेरी वेस करतो. रोज, पावणेसहाला. इतर वेळी कसाही वागतो, पण तिथे टोपी काढून चालतो.

गाडा सुटला, पहिला ओंडका चिरला. मेपलचा. भुशाचा वास आणि करवतीची किंकाळी. वेसने मला उचलून भुशाच्या ढिगात फेकलं. मी त्याच्या पोटात लाथ मारली. आनंद झाला होता दोघांना.

मी काहीतरी पूर्ण केलं. लिहून ठेवते.

१२ नोव्हेंबर

रूडी म्हणाला, "रोज पंचवीस मिनिटं गिरणी उभी राहते, बाळा. काही करता येईल?"

येईल. पाहुण्याला एखाद्या क्षणी गोठवायचं आणि त्याचं सगळं मन जसंच्या तसं फाइलीत ठेवायचं. आमच्यात त्याला स्नॅपशॉट म्हणतात, मी फोटो म्हणते. फोटो उघडला की तो त्याच क्षणात जागा होतो, मधलं काहीच घडलेलं नसतं त्याच्यासाठी. आज सकाळी वेसने फेरी केली, बटण दाबलं, भोंगे झाले, गाड्याने माप घेतलं, आणि मी फोटो काढला. आता रुळाच्या वर, शिडी चढून जायच्या काचेच्या केबिनमध्ये F9 ही कळ दाबली की गाडा सुटलाच. चार सेकंद. भोंग्याचा त्रासही गेला.

रूडी खूश. मला पेस्टी, मांस भरलेली मोठी करंजी, आणून दिली, आत सलगम होतं, मला सलगम आवडत नाही, तरी खाल्ली. खाताना त्याने विचारलं, "फोटोला कळतं का, रुळावर कोण आहे ते?"

"नाही. त्याला फक्त आजची सकाळ माहीत. आज रूळ रिकामा होता, म्हणजे त्याच्यासाठी कायम रिकामा."

"आणि लाल बटण?" टोकाला हिरव्याशेजारी लाल बटण आहे, गाडा थांबवायचं. या गिरणीत तेसुद्धा कंप्युटरलाच सांगतं.

"दाबलं तर थांबेल. पण परत फोटो उघडला तर विसरेल."

त्याने मान डोलावली. असा ऐकणारा माणूस मिळाला असता तर मी दहावीही झाले असते.

१३ नोव्हेंबर

वेस भडकला. "सुरुवातीपासून सुरू कर. रोज. काय समजलीस?"

"पंचवीस मिनिटं वाचतात."

"बापाला विचार किती वाचली." त्याने माझी कॉलर धरली, पाय जमिनीवरून सुटले. मी त्याच्या वाकड्या कोपरावर मारलं. त्याने सोडलं आणि हात धरून बसून राहिला. मला वाईट वाटलं, मग राग आला, मग तो म्हणाला, "तू हुशार आहेस गं शाळाचोर. पण तुझ्या फोटोत मी चाललोय तो काल. आज कोण चाललं?"

मी म्हटलं, रूडीला सांग. तो म्हणाला, "रूडीला." एवढंच.

तरी तो फेरी करतोच. कुणी विचारत नाही, प्रोग्रॅमला गरज नाही, तरी रोज पावणेसहाला टोपी काढून शेवटपर्यंत. मग वर येऊन सहाला F9. अडाणी हट्ट. रूडीला सांगितलं तर हसला. "रोज? ठरल्या वेळेला?" म्हटलं, घड्याळ लावून घ्यावं असा.

१५ नोव्हेंबर

हरणांच्या शिकारीचा मोसम सुरू. सगळं गाव नारिंगी जाकिटांत. येताना रूडीच्या ट्रकपुढे एक मादी आली, मागचे पाय मोडले, रस्त्यावर पुढच्या पायांनी ओढत होती. रूडीने तिच्या मानेवर गुडघा टेकला आणि सुरी आत घातली. त्याच वेळी मला त्याच्या ट्रकचा कार्बोरेटर का अडतो ते सांगत होता. वाक्य तुटलं नाही. रक्त बर्फावर वाफाळत होतं. वेस मागच्या सीटवर होता, तो रडला, एवढा मोठा रेडा. मला रूडीचं कौतुक वाटलं.

२७ नोव्हेंबर

दहा-बारा दिवस लिहिलं नाही. मासे पकडायला शिकले, सोडून दिलं. एकाशी मारामारी, डोळा अजून निळा. गिरणी रोज चालते. मी अजून इथेच आहे, हे लिहिण्यासारखं.

आज सणाच्या जेवणाला वेसने सगळ्यांसमोर जाहीर केलं, सोमवारी कागदावर सही. लेम्पीआजी म्हणाली, "कर बाबा, जा." रूडीने टर्की कापली, सगळ्यांना वाढली. वेसला मांडीचा तुकडा दिला, तो त्याला आवडतो.

२९ नोव्हेंबर

वेस गेला.

सकाळी सहाला आठ मिनिटं कमी असताना गिरणीकडून आवाज आला. मी बूट न घालता पळाले. गाडा रुळाच्या टोकाला भिंतीत घुसलेला होता. वेस त्याच्या आणि भिंतीच्या मध्ये. मध्ये असं काही उरलं नव्हतं. कंबरेच्या वर वेस होता आणि खाली लाकूड, लोखंड आणि कपडा. त्याची टोपी त्याच्या हातात होती. मी गाडा ढकलायला लागले. एकटीने, चार टनांचा. नखं निघाली दोन. रूडीने मागून मला धरलं. मी त्याला तीन-चार ठोसे मारले, तो म्हणत राहिला, "गेला बाळा. गेला."

रूडी केबिनमध्ये हीटर लावायला गेला होता. म्हणाला, मशीन आपोआप सुरू झालं. आपोआप.

म्हणजे माझं मशीन.

भिंतीवरच्या लाल बटणावर रक्ताचा अख्खा पंजा आहे. पाचही बोटं.

३० नोव्हेंबर

सकाळपासून स्वतःचा कोड वाचतेय. आज आरशावर डोकं आपटलं, आरसा फुटला, कपाळाला चार टाके. रूडीनेच दवाखान्यात नेलं. वाटेत म्हणाला, "तुझ्यावर कुणी बोट दाखवणार नाही, मी आहे. तो फोटो मात्र पुसून टाक. कशाला ती आठवण."

पुसला. नोंदवहीचं त्याला सांगितलं नाही. का, माहीत नाही. लाज वाटली असेल.

लेम्पीआजी ऑफिसात बसून असते. काल ती वेळेच्या आधी आली होती. मी पाणी दिलं तर माझ्याकडे न बघता म्हणाली, "हाक मारली त्याने. नावाने." मी विचारलं, कुणाला. ती पाणी प्यायली नाही. गेलेल्या पोराची हाक ऐकू येणारच आईला.

१ डिसेंबर

नोंदवही उघडली.

५:५१:०४ — F9. फोटो उघडला. गाडा सुटला.
५:५१:०९ — लाल बटण. गाडा थांबला.
५:५१:४० — F9. फोटो उघडला. गाडा सुटला.

म्हणजे वेसने थांबवला होता. पहिल्या धडकेत पाय गेले असतील, तरी हात पोचला. आणि माझ्या मशीनने तो थांबलेला गाडा परत सोडला. कळ दोनदा. ऑक्टोबरमधली तीच खोड. मी दुरुस्त केली म्हणाले होते.

खोड सापडत नाही. ओळ न् ओळ वाचली.

सरकारी तपासनीस बाई उद्या येणार आहेत. मी नोंदवही देणार. पळायची पिशवी भरली होती, पुन्हा रिकामी केली. ही एक गोष्ट तरी शेवटपर्यंत नेते.

२ डिसेंबर

ट्रूडेलबाई साठीच्या, जाड स्वेटर, दोन चष्मे. रूडीने त्यांना कॉफी दिली, आदबीने सगळं दाखवलं. मग त्या ट्रेलरमध्ये एकट्या आल्या. मी नोंदवहीचा कागद पुढे ठेवला आणि म्हटलं, "चूक माझी आहे. कळ दोनदा पोचायची खोड होती. मला वाटलं गेली. मला घेऊन चला."

त्यांनी बराच वेळ कागद वाचला.

"ऑक्टोबरमध्ये दोन कळांच्या मध्ये किती वेळ जायचा?"

"चार हजारांश सेकंद."

"आणि इथे?"

"एकतीस सेकंद. तेच तर सापडत नाहीये मला."

त्यांनी चष्मा बदलला आणि माझ्याकडे बघितलं. "पोरी, हा कागद आहे हे आणखी कुणाला माहीत?"

"कुणालाच नाही."

"असू दे तसंच. दाराला आतून कडी लाव."

मला वाटलं, दया करतायत.

त्या गेल्यावर मी घड्याळ समोर ठेवून एकतीस सेकंद मोजले. फार वेळ असतो. त्यात बुटांची नाडी बांधून होते. उठून काचेपर्यंत जाऊन येता येतं. एखाद्याने हाक मारली तर दोनदा ओ देता येते.

कडी लावली.

३ डिसेंबर

ट्रूडेलबाईंना सुरुवातीपासून सुरू करून बघायचं होतं. फोटो नाही, पूर्ण पंचवीस मिनिटं. शेरीफचे दोन पोलीस फाटकाशी उभे, हात खिशात. रूडी थर्मास घेऊन गाड्याजवळ. बाई केबिनमध्ये बसल्या. फेरीला माणूस हवा होता, मी गेले.

टोपी काढली. रूळ चालले. भिंत धुतलीय, पण फळ्यांच्या फटीत अजून आहे. हिरवं बटण दाबलं. मग दाराने बाहेर पडायच्या आधी मी जिथे वेस होता तिथे बसले, भिंतीला पाठ लावून, आणि वर पाहिलं.

केबिनची काच समोरच येते. ट्रूडेलबाईंनी चष्मा काढला, स्वेटरला पुसला, परत लावला. कोणता चष्मा, तेसुद्धा कळलं. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली. त्यांना मी दिसत होते.

बाहेर आले. तीन भोंगे झाले, सगळ्या गावाला ऐकू जातील असे. गाडा सावकाश पुढे गेला, मागे आला. माझं मशीन बरोबर चालतं. पहिल्यापासून बरोबर चालत होतं.

"दमलीस बाळा," रूडी म्हणाला, "घे, कॉफी घे." माझी मूठ नेहमीसारखी माझ्या आधी वळली. मी ती उघडली. पहिल्यांदाच उघडली. कॉफी घेतली नाही.

ट्रूडेलबाई शिडीवरून उतरल्या, गुडघा धरत, आणि माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. लेम्पीआजी ऑफिसच्या दारात आली होती.

"मिस्टर कांगस," बाई म्हणाल्या, "आता तुम्ही वर बसा जरा. मी टोकाला जाऊन उभी राहते, आणि तुमच्या नावाने हाक मारते. तुम्हाला दिसतं का, ऐकू येतं का, तेवढं सांगा."

रूडीने शिडीकडे पाहिलं. मी मनात मोजायला लागले. एकतीस झाले, चाळीस झाले. थर्मासमधली कॉफी त्याच्या बुटावर सांडत होती आणि तो जागचा हलला नाही.